मावशीचा डावा पाय

१२ जानेवारी १९९७, रवि. अश्केलोन

दुपारी वर्कशॉपमध्ये मावसभाऊ अवीचा फोन, हैफाहून. माझे दोन्ही हात प्लास्टरने भरलेले, रिसीव्हर खांद्याला दाबून बोललो. त्याच्या घराजवळच्या बेत अवोतमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, इमासाठी, त्याच्या आईसाठी, खोली मिळतेय. पेसाखच्या सणानंतर रिकामी होईल. बाग आहे, नर्स आहे, जेवण आयतं. "तू समजव तिला, श्लोमो. तुझं ऐकते ती." हन्नामावशी माझं ऐकते ही बातमी मला नवीन. माझ्या आईची धाकटी बहीण ती. सख्ख्या बहिणीचं कधी ऐकलं नाही, भाच्याचं ऐकणार.

अवीचंही चुकत नाही. साखरेपायी तिचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या वरून. काका नाहीत. एकुलता मुलगा बंदरावर नोकरीला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. फोन वाजला की आधी इमाच पडली असं वाटतं म्हणाला.

तरी फोन ठेवल्यावर डोकं तडकलं. सगळ्या गावाचे नकली पाय करतो मी आणि मावशीचा पाय कोणी दुसऱ्यानेच केला, कुठे, कसा, मी बघितलाही नाही नीट. तेव्हा रजेवर होतो, हे खरं.

१४ जाने., मंगळ.

मावशीकडे. पाय कपाटात, साड्यांच्या मागे उभा. वरून एक परकर वाळत घातलेला. म्हणाली, "पाय कसला, खुंटी आहे. निदान कामाला तरी येते."

काढून बघितला. काम वाईट नाही. लॉकचा गुडघा, म्हाताऱ्या माणसाला देतात तसा. चालताना पाय काठीसारखा सरळ, बसताना खटका ओढला की वाकतो. पडायची भीती नाही. पण वाकतो तो खुर्चीपुरता. जमिनीवर बसायचं नाव नाही.

ती खिडकीशी खुर्चीत. शेजारची मोरोक्कन बाई डबा देते. "बरा असतो, पण जिरं किती घालते रे." विळी कॉटखाली कागदात गुंडाळून ठेवलीय. फिजिओथेरपीच्या पोरीने शिकवलं, सव्ता, म्हणजे आजी, टेबलावर बोर्ड ठेवून सुरीने कापायचं. मावशीने एकदा केलंही. सुरी निसटली, बोय मासा जमिनीवर आणि बोट सुरीवर.

मी अवीचं बोलणं काढलं. मग म्हणाली, "बावीस वर्षं हे घर माझ्या हाताखाली होतं. आता खुर्चीत बसून मी पाहुणी झालेय. पाहुणीला कुठेही ठेवा, काय फरक पडतो?"

वाईट वाटलं. चहा पिऊन निघालो.

२३ जाने., गुरु. तू बिश्वात, झाडांचा सण

मलिदा, आम्हा मराठी यहुद्यांचा गोड पोह्यांचा विधी, मावशीकडेच, दरवर्षीसारखा. माझ्या बायकोने, रेचलने, पोहे भिजवले, नारळ खवला. जमिनीवर पांढरी चादर, मधे ताट, फळं रचलेली, सगळे भोवती मांडी घालून. एलियाहू हनावीचं, एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन बेराखा, आशीर्वादाच्या प्रार्थना, म्हटल्या. मावशी एकटीच खुर्चीत, सगळ्यांच्या डोक्यावर. पोहे कालवायचे ते तिनेच, नेहमीचं. आज ताट उचलून तिच्या मांडीवर द्यावं लागलं. मांडी एकच, ताट कलंडलं. नारळ वेचत बसलो.

घरी येताना रेचल म्हणाली, "तू पाय करतोस ना? मग?"

तेच तर.

२६ जाने., रवि.

अवीला फोन केला. म्हटलं, मला पेसाखपर्यंत वेळ दे. जमिनीवर बसता येईल, उठता येईल असा पाय करतो. ती एकटी घर चालवू शकली तर? अवी म्हणाला, "तर मी खोलीचं नाव काढणार नाही. पण ती पडली तर तू त्या घराचं नाव काढायचं नाही." ठरलं.

वर्कशॉपमध्ये ल्युडमिलाला सांगितलं. लेनिनग्राडची. तिथे पायच करायची, इथे आल्यावर आधी जिने पुसले, मग आमच्याकडे आली. माझ्यापेक्षा हात साफ आहे, तोंड माझ्याइतकंच खराब. म्हणाली, "तुझ्या मावशीला जमिनीवर काय हरवलंय?" विळी कशी असते ते कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "हे हत्यार आहे."

३ फेब्रु., सोम.

खुंटाचा, उरलेल्या मांडीचा, साचा घ्यायचा होता. मावशीला वर्कशॉपमध्ये आणली. पडदा ओढला, प्लास्टरच्या पट्ट्या भिजवल्या. तर ही बाई पदर घट्ट धरून बसलेली. "सोलू, तू बाहेर हो. मी तुला न्हाऊमाखू घातलंय. तू मला नाही." समजावलं, मावशी, हे माझं रोजचं काम आहे. "असेल. रोजच्या बायकांचं कर."

ल्यु.ने घेतला साचा. दोघींचं हिब्रू सारखंच मोडकं. आतून हसण्याचे आवाज येत होते. साचा चांगला आलाय, मी घेतला असता त्याहून. ल्यु.ला हे सांगितलेलं नाही.

१३ फेब्रु., गुरु.

अडलोय. मांडी घालायची तर गुडघ्याच्या वर एक फिरता जोड हवा. खटका दाबला की खालचा पाय आडवा वळतो, सरळ केला की परत अडकतो. असे जोड परदेशातून येतात, कपाटात एक पडलाय. पण जाड. मावशीचा खुंट लांब. खुंट बसतो ते सॉकेट, त्याखाली जोड, त्याखाली गुडघा, असं रचलं की नकली गुडघा खऱ्या गुडघ्याच्या बराच खाली येतो. खुर्चीत बसली तर एक गुडघा इथे, एक तिथे. नाकापेक्षा मोती जड.

जोडच पातळ करायला हवा. दोन पोलादी चकत्या, मधे पितळेची, खटका आत न ठेवता बाजूला. काढतोय, खोडतोय.

१९ फेब्रु., बुध.

खटका बाजूला घेतला ते जमलं. पण साडीत अडकणार. ल्यु. म्हणाली मागच्या बाजूला घे. मागे घेतला तर बसल्यावर दाबता येत नाही. आतल्या बाजूला घेतला. आता साडीच्या निऱ्यांखाली येतो, हात सहज जातो. एवढ्याशा गोष्टीला आठवडा.

गुडघा साधाच घेतोय, एका आसाचा, लॉक नसलेला. पूर्ण दुमडतो, टाच मांडीला लागते. लॉक नाही म्हणजे उभं राहताना तो फक्त मांडणीवर टिकणार. अंगाचा भार गुडघ्याच्या पुढून खाली उतरला तर पाय ताठ राहतो. मागून उतरला तर गुडघा मोडतो, माणूस खाली. सगळा खेळ बोटभर जागेचा. सुपरवायझर म्हणाला, तिच्या वयाला हे देणं धाडस आहे. बरोबर बोलला. मी सही केली.

७ मार्च, शुक्र.

पाय तयार. शेवटची जुळवणी मुद्दाम तिच्या घरी केली. वर्कशॉपची फरशी वेगळी, समांतर दांडे धरून कोणीही चालतं. ल्यु. बरोबर आली. दारात चपला-बूट काढले. ल्यु.ने मोजे पण काढले, मावशीने कौतुकाने बघितलं.

ओळंबा धरला. कमरेपासून दोरी सोडून बघितली, पाऊल थोडं मागे घेतलं, परत बघितलं. गुडघा ठीक जागी. ल्यु. म्हणाली, "बूट?" म्हटलं, घरात बूट कोण घालतं? आमच्यात अनवाणीच. उंबऱ्याच्या आत वहाण आली तर ही बाई अंगावर येईल. ल्यु.ने खांदे उडवले.

मावशी ओट्यापासून खिडकीपर्यंत गेली. मग परत. मग न सांगता परत. "हलका आहे," एवढंच. मग कपाट उघडून तो परकर काढला आणि घडी करून ठेवला.

१० मार्च, सोम.

आज बसली. ओट्याची कड धरली, उजव्या पायावर खाली गेली, खटका दाबला, डावा आडवा वळला. उजवा पाय विळीच्या पाटावर. जणू मधे काही झालंच नव्हतं. बोय आणलेली होती. खवले काढले, डोकं वेगळं, तुकडे. रेचल आणि मी बाजूला उभे.

उठताना घाम फुटला, तिलाही, मलाही. डावा सरळ करून खटका अडकल्याचा आवाज ऐकायचा, मगच भार द्यायचा. दोनदा घाई केली, दोनदा ओरडलो. "आईवर गेलायस," म्हणाली. तिसऱ्यांदा नीट उठली.

कालवणात कोकम जरा जास्त पडलं होतं. वाढून घेतलं.

१६ मार्च, रवि.

रोज करतेय. शेजारच्या मोरोक्कन बाईला उलट डबा पाठवला म्हणे. तिने विचारलं हे आंबट काय आहे.

अवीला फोनवर सांगितलं. "कोल हा-कावोद," म्हणाला, शाबासकी दिली, पण आवाजात आनंद नव्हता. त्याची आई चांगली झाली तर त्याला नको का? मग वाटलं, तसं नाही. त्याने मनाची तयारी केलेली, आता परत काळजी सुरू.

२३ मार्च, रवि. पुरीम

आमच्यात म्हणतात तसा होळीचा सण. मावशीने स्वतः पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. खाली बसून. सकाळी मेगिल्ला, सणाची पोथी, ऐकायला सिनेगॉगमध्ये निघाली, चालत, कोपऱ्यावरच तर आहे. मी येतो म्हटलं होतं, म्हणाली तू तिकडेच भेट.

तिच्या इमारतीच्या आवारातच पडली. पायरी नाही, खड्डा नाही, सपाट फरशी. दोन पावलं टाकली आणि डावा गुडघा मोडला. मी तरी तिला घ्यायला आलो होतो, समोरून बघत होतो. हात पोचला नाही.

डावं मनगट मोडलंय. हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. खुब्याला नुसता मार आहे, नशीब. तिथे बसल्या बसल्या म्हणाली, "पोळ्या झाकून ठेवल्यात का बघ."

अवीला मीच फोन केला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बेसेदेर, ठीक आहे, श्लोमो. आता मी बघतो."

२४ मार्च, सोम.

पाय वर्कशॉपमध्ये आणून सगळा उघडला. आधी खटक्यावर संशय. खटका ठीक. आस ठीक. मग तिने काल घातलेल्या चपलेला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं.

ल्यु.ने मावशीची ती चपल टेबलावर ठेवली. सणावाराची, मुंबईच्या चालीची, थोडी टाच असलेली. साडीची किनार धुळीत जाऊ नये म्हणून घालते. पाय तिच्यावर उभा केला, ओळंबा धरला. बोट दाखवलं. टाच वर गेली, नळी पुढे कलली, गुडघा दोरीच्या पुढे. भार मागून उतरणार. पडणारच होती. कोणीही पडलं असतं.

अनवाणी जुळवलेला पाय. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगतात, बूट घातल्याशिवाय ओळंबा धरू नको. मला कोणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण मावशीच्या घरात शिरलो, वहाणा काढल्या आणि घरचा झालो. ती कधी बाहेर जाईल, सण असेल, टाचेची चपल घालेल, हे डोक्यातच आलं नाही. ल्यु.ला नसतं झालं हे. तिने विचारलंही होतं.

२७ मार्च, गुरु.

मावशीला सगळं सांगितलं. माझी चूक, तुझी नाही, पायाची पण नाही. ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे घरात मी उभी राहते आणि दारात पडते." तसंच, म्हटलं.

उपाय दोन. एक, लॉकचा गुडघा परत. पडणार नाही, बसणारही नाही. दोन, पाय टाचेच्या चपलेला जुळवायचा आणि चपल कायम ठेवायची, घरातसुद्धा. उजव्या पायातही, नाहीतर कंबर वाकडी. "चुलीपाशी वहाण? शब्बाथचं रांधते तिथे?" प्लास्टरचा हात हलवून म्हणाली. पुढे बोलायची सोय नाही.

अवीने खोलीसाठी होकार कळवला.

८ एप्रिल, मंगळ.

तिसरा उपाय काढलाय. पाय टाचेच्या चपलेला जुळवून ठेवला, बाहेर जाईल तेव्हा तीच चपल. घरासाठी कॉर्कची टाच, तेवढ्याच उंचीची, कापडी मोज्याला शिवलेली, दोन्ही पायांना. कातडं नाही, रबर नाही, रस्त्याचं तोंड बघितलेलं नाही. रेचलने मावशीच्याच जुन्या साडीचं कापड वापरून मोजे शिवले.

मावशीने उलटसुलट करून बघितले. "सोलू, ही वहाणच."
"मोजा आहे."
"टाच असलेला मोजा कुठे असतो?"
"इथे आहे. मी केला."
"ठेव तिथे," म्हणाली.

कॉटवर ठेवून आलो. घालून बघ म्हणायचा धीर झाला नाही. हात प्लास्टरमध्ये, जमिनीवर बसायचं तर तूर्त नाहीच.

१८ एप्रिल, शुक्र.

अवी येऊन मावशीला घेऊन गेला, सेदेर, पेसाखच्या पहिल्या रात्रीचं जेवण, त्याच्याकडे. खुर्चीतच नेलं, पाय पिशवीत. कॉटवर बघितलं, मोजे नव्हते. तिने नेले की फेकले, माहीत नाही. विचारायचं नाही असं रेचलने बजावलंय.

पायांची दुसरी कामं साठलीत. एका पोराचा पाय आज उभा केला, दाराबाहेर गेला आणि परत आला, हसत. बूट घालून. मी दोनदा तपासलं.

२९ एप्रिल, मंगळ.

मावशी परत आली, सामान आवरायला. परवापासून खोली तिची. प्लास्टर निघालंय, हात बारीक दिसतो. खोली बघून आली. "स्वच्छ आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. बायका बऱ्या वाटल्या." आणि? "आणि स्वयंपाकघरात जायला बंदी." हे रागाने नाही म्हणाली. जसं आहे तसं सांगितलं. तेच जास्त लागलं.

३० एप्रिल, बुध. मावशीच्या घरी, दुपार

अवी सकाळीच आला. बॅग उचलून खाली डिकीत ठेवली. मावशी म्हणाली, बोय आणलीय, जेवून निघू. पाय चढवला. मग कपाटातून मोजे काढले, दोन्ही घातले, कुणाकडे न बघता. मीही बघितलं नाही.

ओट्याची कड धरून खाली बसली. खटका, आडवा पाय, विळी. मनगटात जोर कमी, तुकडे वेडेवाकडे. अवी दाराला टेकून उभा. त्याने हे कधी बघितलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलेलं. उठताना अर्ध्यावर गुडघा जरा हलला. तिने कड घट्ट धरली, थांबली, खटक्याचा आवाज ऐकला, उठली. अवीने दोन्ही हात पुढे केलेले, तसेच राहिले.

मला बाल्कनीत नेलं. "खरं सांग. परत पडेल?"
"पडू शकते."
"तू दुरुस्त केलंस ना?"
"केलं. आधीपेक्षा भीती खूप कमी. लॉकच्या गुडघ्यावर त्याहून कमी. पडणारच नाही असं मी कुणालाच सांगत नाही."
"आणि तिकडे?"
"तिकडे कशाला पडेल. तिकडे तिला उठायचंच नाही."

हे बोलायला नको होतं. पण बोललो. खोटं सांगून तिला ठेवून घेतली असती तर पुढच्या वेळी फोन कोणत्या तोंडाने केला असता?

तो आत गेला. जन्मात हिब्रूशिवाय तिच्याशी बोलला नाही, ती मराठीत आणि हा हिब्रूत, असंच चाललंय. आज अडखळत म्हणाला, "आई, तुला काय पायजे?"

ती कढईत तुकडे सोडत होती. हात थांबला. "भीती वाटते रे मला. इथे पण वाटते, तिथे पण वाटेल. इथे काम असतं, दिवसातून कितीदा तरी विसरते."

जेवलो. अवीने दोनदा भात घेतला. मग गाडीकडे जाऊन येतो म्हणाला. त्याला बराच वेळ झाला. खिडकीतून बघितलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसलाय, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. बॅग अजून डिकीतच.

मी उठलो तर मावशी भांडी घासता घासता म्हणाली, "तू जाऊ नकोस खाली. बसू दे त्याला."